न शिवता वाऱ्याचा वेग कसा मोजतात?



बेळगावहून निपाणीकडे जाताना वाटेत हत्तरगी लागते. तेथे विमानांचे सुटे भाग तयार होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. पण विमानाचा आकार योग्य आहे की नाही, हे आधी पवनबोगद्यात, म्हणजेच विंड टनेलमध्ये, छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून तपासतात. बंगळूरच्या एन.ए.एल. या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६७ साली असा मोठा बोगदा सुरू झाला. त्यात ध्वनीच्या चौपट वेगापर्यंत वारा वाहवता येतो.

ध्वनीहून वेगवान हवा प्रतिकृतीला भिडते तेव्हा आघात-तरंग उभा राहतो. हा पडदा केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. साठवलेली हवा २७ अंशांची असेल, तर ध्वनीच्या दुप्पट वेगाने वाहताना ती प्रसरणाने उणे १०६ अंशांपर्यंत गार होते. गार हवेत ध्वनीही मंदावतो. म्हणून येथे दुप्पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ५१८ मीटर. प्रवाहाला काटकोनात असलेला तरंग ओलांडताच तो १९४ मीटरवर येतो आणि दाब साडेचारपट होतो.

हा वेग मोजायला नळी घातली, तर तिच्यापुढेच नवा तरंग तयार होतो. म्हणून लेसर वापरतात. एकाच लेसरचे दोन किरण एकमेकांना छेदले की तेथे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. हवेत सोडलेला तेलाचा सूक्ष्म थेंब त्यांतून जाताना लुकलुकतो. पट्ट्यांतील अंतर ५ मायक्रॉन असेल, तर तरंगाच्या अलीकडे सेकंदाला सुमारे १० कोटी वेळा आणि पलीकडे सुमारे ४ कोटी वेळा. त्यावरून वेग निघतो.

यात एक मेख आहे. लेसर हवा पाहत नाही, थेंब पाहतो. बसने अचानक ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे झेपावतो, तसाच थेंबही जुन्याच वेगाने पुढे जातो. एक मायक्रॉनच्या थेंबाला हवेशी जुळवून घ्यायला मिलिमीटरभर तरी अंतर लागते. तेवढ्या पट्ट्यातील आकडा हवेचा नसतो, थेंबाचा असतो. त्यावर भरवसा ठेवून आकार ठरवला तर विमान धोक्यात येईल.

मुलांनो, प्रयोगवहीत पुस्तकातले उत्तर उतरवू नका. जे वाचन आले तेच लिहा, आणि आपले उपकरण नेमके काय मोजते आहे, हा प्रश्न आधी विचारा.

– मुख्याध्यापक