पाथरीची चुलतबहीण

सकाळचे सात वाजून गेलेत. गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या तापमापकात पारा 12 अंशांवर आहे. कोथरूडमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऊन अजून पोचलेलं नाही, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर ते आत्ता कुठे टेकलंय. आई शाल लपेटून दारातच खुर्ची टाकून बसली आहे. काल रात्री उशिरा ती नगरकडच्या गावाहून आली, त्यामुळे गॅलरी ती आज पहिल्यांदाच उजेडात बघते आहे.

"एवढा कोबी कशाला लावलास गं?"

"कोबी नाही आई, लेट्यूस. सॅलडची पानं."

"हां, ती हॉटेलातली," ती म्हणते आणि चहाकडे वळते. तिच्या लेखी विषय संपला.

तेवढ्यात बेल वाजते. खालच्या मजल्यावरची मुलगी आली आहे. हिंजवडीला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिच्या काखेत फळवाल्याकडून आणलेला प्लास्टिकचा क्रेट आहे आणि मुठीत बियांचं अर्धं पाकीट. गेल्या रविवारी जिन्यात तिने मला थांबवून सांगितलं होतं, "काकू, माझं बी आलंच नाही. दिवाळीच्या आधी पेरलं होतं, रोज पाणी घातलं, तरी एक कोंब नाही." तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, ये रविवारी.

तिचं पाकीट मी तळहातावर रिकामं करते. जिऱ्याहून बारीक, लांबट, करडं बी. एका ग्रॅममध्ये 800 च्या आसपास मावेल इतकं हलकं. मी श्वास रोखून धरते, नाहीतर फुंकरीनेच उडून जाईल.

"किती खोल पेरलंस?"

ती तर्जनीचं एक पेर दाखवते.

दोन वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच केलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात, मेथी-धन्याच्या सवयीने, वर चांगला मातीचा थर दिला. पंधरा दिवस वाट पाहिली आणि बी जुनं निघालं म्हणून कुंडी मोकळी केली. बी चांगलं होतं. लेट्यूसच्या बहुतेक वाणांच्या बीला उगवताना उजेड लागतो, आणि माती तिशीच्या वर तापली की ते रुसून झोपी जातं. मी त्याला अंधारही दिला होता आणि उकाडाही.

उजेडाची ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून हिलाही सांगते. 1952 मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' नावाच्या लेट्यूसचं ओलं बी घेतलं. त्यावर थोडा वेळ लाल प्रकाश टाकला की ते उगवायचं. त्यानंतर लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिलाल प्रकाश टाकला की पुन्हा झोपायचं. लाल, अतिलाल, लाल, अतिलाल, असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी बी शेवटच्या प्रकाशाचंच ऐकायचं. त्यातूनच वनस्पतींमधल्या फायटोक्रोम या रंगद्रव्याचा माग लागला. आता यात बीचं शहाणपण बघ, मी तिला म्हणते. दाट पानांखाली जो उजेड झिरपतो त्यातला लाल भाग पानांनी आधीच शोषलेला असतो, उरतो तो बहुतांशी अतिलाल. म्हणजे बीला कळतं की डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी सावली आहे, आत्ता उठण्यात अर्थ नाही. एवढ्याशा दाण्यात अन्नाचा साठा तो किती, तो चुकीच्या जागी खर्चून कसं चालेल?

मुलगी तळहातावरच्या बीकडे बघत राहते. "म्हणजे ते मेलं नव्हतं."

"मुळीच नाही."

मिठाईचा एक पारदर्शक डबा मी धुऊन ठेवला आहे, तळाला तापल्या सुईने भोकं पाडली आहेत. त्यात भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं भरते. पृष्ठभाग हाताने सपाट करून तिला म्हणते, आता तू पेर. ती रांगोळी धरावी तशी चिमूट धरते. बी वरच पडतं. ती सवयीने मातीकडे हात नेते, मी मनगट धरते. वर काही घालायचं नाही. फक्त तळहाताने हलकं दाबायचं, म्हणजे बी ओल धरेल. मग फवाऱ्याने धुकं मारायचं आणि झाकण लावायचं. डबा खिडकीशी, उजेडात पण थेट उन्हात नाही. या थंडीत चार-पाच दिवसांत हिरवे ठिपके दिसायला लागतील. ते दिसले की झाकण काढायचं, नाहीतर कोंदट ओलीने रोपं बुडातून गळतात आणि एका रात्रीत आडवी होतात.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात नको. पुण्याच्या उन्हात त्याचे हाल करायचे नाहीत. पण गणपतीच्या सुमारास लवकर सुरुवात करायची असेल तर बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. त्याला वाटतं थंडी आली."

आई हसते. ती ऐकते आहे हे आत्ता माझ्या लक्षात येतं.

ऊन कठड्यावर उतरलं आहे. आता तिचा क्रेट. आत जुनं गोणपाट अंथरून आम्ही तो भरतो: दोन घमेली माती, एक कोकोपीट, एक गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. लेट्यूसची मुळं उथळ असतात, वीतभर खोलीही त्यांना पुरते. मोठ्या कुंड्यांवर पैसे घालवायचं कारण नाही. माझ्याकडे तीन आठवड्यांची रोपं तयार आहेत, चार-चार पानांची, काही पोपटी आणि काही लालसर कडांची 'लोलो रोसो'. चमच्याच्या दांड्याने मी एक रोप मुळाशी मातीसकट उचलते. धरताना पान धरायचं, देठ नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेपला की रोप गेलं.

ती पहिलं रोप खोल रोवते, वांग्या-टोमॅटोचं रोवतात तसं. मी बोटाने माती बाजूला करते. जिथून नवी पानं फुटतात तो मधला गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, त्यात माती साठली की तो कुजतो. दुसरं रोप ती बरोबर लावते. दोन रोपांत वीतभर अंतर. सहा रोपांतच क्रेट भरतो. तिला तो रिकामा वाटतो, तिची नजर उरलेल्या रोपांकडे जाते.

"अजून दोन बसतील ना, काकू?"

"महिन्याने बघ, मग विचार."

तिला आइसबर्गचा गड्डा हवा होता, दुकानातल्यासारखा. मी तिला त्यातून परावृत्त करते. गड्डा धरायला सलग थंडी लागते, दोन-अडीच महिने लागतात, आणि गॅलरीत तो बहुधा सैलच राहतो. सुट्ट्या पानांचं लेट्यूस दीड महिन्यात ताटात येतं आणि बाहेरची पानं खुडत गेलं की आतून येतच राहतं. पहिल्यांदा लावणाऱ्याने तेच लावावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

माझ्या जुन्या क्रेटमधली पानं आत्ता खुडायला हवीत. रात्रभराच्या गारव्याने ती पाण्याने तट्ट भरलेली आहेत, दुपारी हीच मलूल दिसतील. एका पानाच्या मागे मावा आहे, हिरवे बारीक किडे शिरेलगत चिकटलेले. ते पान मी वेगळं टाकते, बाकीची नळाखाली धुतली की झालं. कडेच्या दोन पानांना बुलबुलाने खिडक्या पाडल्यात.

आई उठून जवळ येते. तीही एक पान खुडते, बुडापासून, सराईत नखाने. आणि थांबते. खुडलेल्या जागी पांढऱ्या चिकाचा थेंब जमतो. ती तो अंगठ्याने पुसते, पुन्हा जमतो.

"अगं," ती म्हणते, "ही तर पाथरी!"

पान ती तोंडात टाकते, हळूहळू चावते. "पाथरीच. जरा गुळचट, पण तीच चव मागून येतीये."

मी नुसती बघत राहते. तीन वर्षं मी हे लावते आहे आणि मला हे सुचलं नव्हतं. पाथरी आणि लेट्यूस दोन्ही सूर्यफुलाच्या, शेवंतीच्या कुळातली, त्यातही चीक असणाऱ्या एकाच फांदीवरची. लेट्यूसचं शास्त्रीय नावच लॅक्टुका, लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरून आलेलं. पानांचा कडवटपणाही त्या चिकातूनच येतो.

आई आता खुर्चीवर बसायला तयार नाही. ती मुलीला सांगते आहे. कांद्याच्या वाफ्यात, हरभऱ्याच्या रानात पाथरी कशी जमिनीला चिकटून पसरते. खुरपायला गेलेल्या बाया ती ओट्यात भरून कशा आणायच्या. कुणी शिजवायचं नाही. कच्चीच चिरायची, वर कांदा, मीठ, तिखट, कच्चं तेल. "दुपारच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागायचं नाही आम्हाला." मुलगी विचारते, बाजारात मिळते का? आई म्हणते, "तण म्हणून उपटायची ती, बाई. विकायला कोण आणणार?"

खुडलेली पानं थंड पाण्याच्या पातेल्यात पडली आहेत. मी ऑलिव्ह तेलाच्या बाटलीकडे वळते, आई ती बाजूला सारते. ती कांदा चिरते, पानं हाताने तोडते, दाण्याचं कूट, मीठ, लाल तिखट, शेंगदाण्याचं तेल, वरून लिंबू. कालवते आणि लगेच वाढते, कारण मीठ लागलं की पान पाणी सोडतं. तिने गावाहून आणलेल्या बाजरीच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत होताहेत. मुलगी उभ्याउभ्याच खाते, दुसऱ्यांदा घेते. मी घास घेते तेव्हा पहिल्यांदा तेल-तिखट लागतं, मग पानाचा करकर गारवा, आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित कडू.

आई हात धुवायला गॅलरीत येते आणि कोपऱ्यातल्या कुंडीशी थबकते. तिथे गणपतीत लावलेलं एक रोमेन आहे. ऑक्टोबरच्या उन्हाने ते बिथरलं, मधूनच दांडा काढून आता माझ्या कमरेएवढं झालंय, शेंड्याला कळ्यांचा झुबका आहे. इजिप्तमध्ये कर्नाकला सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या कोरीवकामात मिन देवाजवळ असंच उंच वाढलेलं लेट्यूस दिसतं. माझ्यासाठी मात्र ते कालपर्यंत उपटायचं राहून गेलेलं रोप होतं. फुलावर आलं की चीक वाढतो, पानं तोंडात धरवत नाहीत.

"डेंगळा आलाय याला," आई म्हणते, कांद्याला म्हणावं तसं.

"काढते आजच. जागा होईल."

"काढतेस कशाला? बी धरू दे. पाथरीसारखंच असणार. पिवळं फूल, मग म्हातारी उडते."

तिने ते रोप कधी फुललेलं पाहिलेलं नाही, तरी ती सांगते ते बरोबर आहे. फुलं बारीक, पिवळी, सकाळी थोडाच वेळ उघडणारी. आपल्याच परागांनी फळणारी, म्हणून बी बहुतेक जसंच्या तसं उतरतं. एका झाडाचं बी दोन्ही घरांना पुरून उरेल.

मुलगी क्रेट उचलते. त्यावर तिने वर्तमानपत्राची सावली धरली आहे, पहिले दोन दिवस ऊन लागू नये म्हणून. मिठाईचा डबा मी तिच्या दुसऱ्या हातात देते. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज फार हळू हळू खाली जातो.

आईने कुठूनतरी परकराची जुनी नाडी शोधून काढली आहे. वाऱ्याने हेलकावणारा तो दांडा ती कठड्याला बांधते, सैल, दोन बोटं आत जातील इतका.