मांजर चालवा, प्रोग्राम शिका

संगणक म्हणजे काँप्युटर. तो हुकमाचा ताबेदार. सांगाल तेवढंच करतो. त्याला क्रमाने हुकूम लिहून देणे, यालाच प्रोग्रामिंग म्हणतात.

नवशिक्यांना ते खेळातून यावे, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली 'स्क्रॅच' काढले. ते फुकट मिळते. पडद्यावर एक मांजर असते. शेजारी रंगीत ठोकळे. एकावर लिहिलेले असते, 'दहा पावले चाल'. दुसऱ्यावर, 'वळ'. ठोकळे एकाखाली एक जोडा. त्यांवर टिचकी मारा. मांजर चालू लागते! 'दहा वेळा कर' हा ठोकळा घातला, की तेच दहादा सांगायला नको.

मांजर भलतीकडे गेलं तर? हुकूम चुकला. ठोकळा बदला, पुन्हा पाहा. चूक डोळ्यांना दिसते, म्हणून सुधारता येते.

तुम्ही अक्षराला अक्षर जोडून वाचायला शिकलात ना? हेही तसंच आहे.