लाइट जाणार, हे धरूनच

सकाळी ८.४५
भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये शिरलं की आधी रिलेची टकटक ऐकू येते. बेंचवर शीतगृहातलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचे बोर्ड मांडलेत. प्रत्येक बोर्ड फ्लॅश चिपमध्ये नोंद लिहितो, आणि रिले वाटेल त्या क्षणी त्याची लाइट तोडतो. लाइट परत आली की दोनच गोष्टी तपासायच्या. फाइल सिस्टीम माउंट झाली का? आणि 'लिहिलं' असं बोर्डानं सांगितलेली शेवटची नोंद जागेवर आहे का? रात्रीचा लॉग चाळते. सगळं ठीक आहे, म्हणून आज लाइट तोडण्याच्या वेळा आणखी वेड्यावाकड्या करायच्या.

सकाळी १०.००
एका शीतगृहातून जुन्या आवृत्तीचं यंत्र परत आलंय. तक्रार एका ओळीची: 'डेटा दिसत नाही.' या आवृत्तीत फ्लॅशवर थेट फॅट फाइल सिस्टीम आहे. चिपमधला मजकूर पीसीवर उतरवून हेक्समध्ये उघडला. फॅटचा तक्ता जिथे हवा तिथे ओळीमागून ओळ नुसतं एफएफ, एफएफ. खाली सरकलं तर तापमानाच्या नोंदी शाबूत आहेत. फक्त कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

कारण चिपच्या स्वभावात आहे. नॉर फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा तर ४ केबीचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद, मग नवा तक्ता लिहायला आणखी काही. नेमकी या फटीत लाइट गेली की जुना तक्ता गेला आणि नवा आलाच नाही. मिनिटाला पन्नासेक मिलिसेकंदांची फट म्हणजे हजार-बाराशे वेळा लाइट गेली तर एकदा गाठणार. टेबलावर हे कधी दिसत नाही. गावोगावी यंत्रं बसली की दिसतं.

दुपारी १२.००
नव्या मुलाला हिशेब मांडायला बसवलं. मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १४४० वेळा लिहिणं. सेक्टर साधारण १,००,००० वेळा पुसता येतो. दर वेळी तोच सेक्टर पुसला, तर ६९ दिवसांत त्याची हमी संपली. तीच झीज ८ एमबीच्या चिपमधल्या २०४८ सेक्टरांवर वाटली, तर कागदावर शेकडो वर्षं निघतात.

"मग लिनक्समधली जेएफएफएस-२ का नको, मॅडम?"

"आपल्या प्रोसेसरात रॅम किती?"

"२० केबी."

उत्तर त्यालाच मिळालं. जेएफएफएस-२ सगळ्या नोंदींचा नकाशा रॅममध्ये ठेवते. आम्ही वापरतो ती लिटलएफएस, २०१७ साली आर्मनं खुली केलेली. फाइल कितीही वाढली तरी तिची रॅमची मागणी वाढत नाही. नव्या मजकुराला ती नवा सेक्टर घेते आणि तो पूर्ण लिहून झाल्यावरच जुन्याचा हक्क सोडते. डिरेक्टरीची माहिती दोन सेक्टरांच्या जोडीत असते, चेकसमसह. एक अर्धवट राहिला तर दुसऱ्यावर काम चालतं.

दुपारी १.३०
डबे उघडले की विषय मंगळावर जातो. जानेवारी २००४ मध्ये नासाचं स्पिरिट रोव्हर तिथे उतरलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागलं. फ्लॅशमध्ये फाइली इतक्या साठल्या होत्या की त्यांची यादी रॅममध्ये मावेना. दर बूटला फ्लॅश माउंट करायला जायचं आणि तिथेच कोसळायचं. अखेर फ्लॅशला हात न लावता ते बूट केलं, फाइली काढल्या आणि पुढे फ्लॅश फॉरमॅट केली. म्हणून आमच्या यंत्रातही माउंट फसलं तरी यंत्र चालू राहतं आणि अलार्म वाजतो.

दुपारी ३.००
कोड रिव्ह्यू. मुलानं दर नोंदीनंतर सिंक लावलाय. लिटलएफएसमध्ये सिंक किंवा क्लोज होईपर्यंत नोंद पक्की नसते, तेव्हा हेतू बरोबर आहे. पण सिंकनंतर त्याच फाइलला पुढे जोडायचं तर शेवटचा अर्धा भरलेला सेक्टर नव्या जागी उतरवावा लागतो. त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. मग ठरलं: साध्या नोंदी पाच मिनिटांनी एकदम, अलार्म मात्र तत्क्षणी. किती गमावलं तर चालेल, हे फाइल सिस्टीम ठरवत नाही. ते आपण ठरवायचं.

ड्रायव्हरही तपासला. चिपचा बिझी बिट उतरेपर्यंत थांबतो की नाही? न थांबणारा ड्रायव्हर 'झालं' म्हणून खोटं सांगतो, आणि वरची फाइल सिस्टीम त्यावर विश्वास ठेवते.

संध्याकाळी ५.००
ऑसिलोस्कोपवर ३.३ व्होल्टची रेषा खाली घसरताना बघतोय. फ्लॅश चिपला किमान २.७ व्होल्ट लागतात; प्रोसेसर मात्र २ व्होल्टपर्यंत धडपडत चालतो. मधल्या पट्ट्यात तो फ्लॅशला हुकूम सोडत राहतो, आणि ते धड पाळले जातील याचा भरवसा नाही. म्हणून व्होल्टेज २.९ च्या खाली गेलं की नवं लिहिणं बंद, असा इंटरप्ट लावला. हातातलं काम संपवायला कपॅसिटर आहे. पण सेक्टर पुसायला वाईटात वाईट ४०० मिलिसेकंद लागू शकतात, आणि तेवढा वेळ आमचा कपॅसिटर पुरत नाही. उरलेला भार फाइल सिस्टीमनंच उचलायचा.

संध्याकाळी ६.३०
नवा कोड बोर्डांत भरला, रिले सुरू केले. उद्या गुरुवार, एमआयडीसीत दुरुस्तीसाठी लाइट बंद; म्हणून लॉग घेणारा पीसी यूपीएसवर टाकला.

असं यंत्र बनवणाऱ्यांना एकच सांगणं: फाइल सिस्टीम कुठलीही निवडा, पण तिच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. शंभर रुपयांचा रिले आणा आणि ग्राहकाच्या आधी तुम्हीच लाइट तोडून बघा.