शिंकेचा अवरोध आणि कंठाची इजा

प्रस्तावना
शिंक, खोकला, उचकी, उलटी या शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया होत. त्यांपैकी शिंकेचे प्रयोजन श्वसनमार्गाच्या संरक्षणाचे आहे. तथापि ती बळाने अडविल्यास क्वचित कंठालाच इजा होते. बदलापूरच्या शिरगाव परिसरातून लोकलने मुंबईकडे जाणारा प्रवासी गर्दीत नाक-तोंड दाबून शिंक जिरवतो. घरातून कोणी बाहेर पडत असता शिंकणे अपशकुन समजले जाते, म्हणूनही ती दाबली जाते. कारणे भिन्न असली तरी शरीरावरील परिणाम एकच.

कार्यकारणभाव
शिंकेपूर्वी छातीत हवा भरली जाते, स्वरयंत्राचे द्वार क्षणभर मिटते आणि नंतर साठलेली हवा वेगाने बाहेर पडते. नाक व तोंड दोन्ही बंद असल्यास श्वसनमार्गातील दाब सुमारे वीस पटींपर्यंत वाढू शकतो.

नोंदलेली प्रकरणे
इंग्लंडमधील लेस्टर येथील ३४ वर्षांच्या पुरुषाने अशी शिंक दाबली असता त्याच्या घशाला छिद्र पडले, ही नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मान सुजली, आवाज बसला आणि हवा छातीपर्यंत ऊतींत शिरली. त्याला सात दिवस नळीद्वारे अन्न द्यावे लागले. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील प्रकरण प्रसिद्ध झाले. त्यात श्वासनलिकेस २ × २ मिलिमीटरचा छेद गेला होता. तो शस्त्रक्रियेविना पाच आठवड्यांत भरून आला.

परंपरेतील निर्देश
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ या सातव्या अध्यायात न रोखण्याच्या तेरा वेगांत शिंकेचा समावेश आहे. ती रोखल्याने मान आखडणे, डोकेदुखी, अर्धशिशी आदी विकार होतात, असे तेथे सांगितले आहे. वर नोंदलेल्या इजांशी ही लक्षणे तंतोतंत जुळत नाहीत; परंतु वेग अडवू नये, हा निर्देश मात्र जुळतो.

समारोप
अशा इजा अत्यंत दुर्मीळ असल्याने भयाचे कारण नाही. मात्र शिंक दाबल्यानंतर मानेत सूज, त्वचेखाली कुरकुर, गिळताना वेदना वा आवाजात बदल जाणवल्यास काही न खाता-पिता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. रुमाल वा कोपराचा आडोसा करून, नाक न दाबता शिंकल्यास शिष्टाचारही सांभाळला जातो आणि कंठही सुरक्षित राहतो.