ब्रूस लीला कुणीही मारलं नाही

दरवर्षी २० जुलै, म्हणजे कुंग फू नट ब्रूस लीचा स्मृतिदिन, जवळ आला की तोच मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. ब्रूस लीला चिनी टोळ्यांनी विष दिलं. कुंग फूची गुपितं परक्यांना शिकवली म्हणून त्याचा काटा काढला. कुणा गुरूने त्याच्या अंगाला नुसता हात लावला आणि काही दिवसांनी त्याचा प्राण गेला. या मृत्यूची हाँगकाँगमध्ये उघड चौकशी झाली, साक्षी झाल्या, डॉक्टरांनी शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. हे सगळं पन्नासहून अधिक वर्षं नोंदीत आहे. ते वाचायची तसदी न घेता खुनाची कथा मात्र पुढे पाठवली जाते. म्हणून एकदा नीट, क्रमाने पाहू.

गैरसमज : ब्रूस लीचा खून झाला.

वस्तुस्थिती : मेंदूला सूज येऊन त्याचा मृत्यू झाला. आणि ही सूज पहिल्यांदाच आलेली नव्हती.

१० मे १९७३. 'एंटर द ड्रॅगन'चं डबिंग चाललं होतं. आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून खोलीतलं वातानुकूलन बंद ठेवलं होतं. हाँगकाँगच्या दमट उकाड्यात, त्या बंद खोलीत ब्रूस ली कोसळला. त्याला झटके येत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी मेंदूची सूज ओळखली, ती उतरवणारं मॅनिटॉल हे औषध दिलं आणि तो वाचला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या तपासण्या झाल्या आणि तो ठणठणीत असल्याचं सांगण्यात आलं.

त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, २० जुलैला, तो निर्माते रेमंड चाऊ यांच्यासोबत अभिनेत्री बेटी टिंग पे हिच्या कौलून टाँगमधल्या फ्लॅटवर गेला होता. विषय होता 'गेम ऑफ डेथ' या चित्रपटाचा. संध्याकाळी डोकं दुखू लागलं, म्हणून बेटीने त्याला इक्वाजेसिक नावाची गोळी दिली. ती अॅस्पिरिन आणि मेप्रोबामेट यांची मिश्र गोळी होती. तो जरा पडला, तो पुन्हा उठलाच नाही. क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं गेलं. वय ३२.

शवविच्छेदनात अंगावर मारहाणीची एकही खूण आढळली नाही. विषही सापडलं नाही. मेंदूचं वजन मात्र १,५७५ ग्रॅम भरलं. सर्वसाधारण मेंदू सुमारे १,४०० ग्रॅमचा असतो. चौकशीत लंडनचे ख्यातनाम न्यायवैद्यक तज्ज्ञ डोनाल्ड टिअर यांची साक्ष झाली. गोळीतल्या घटकाची तीव्र अॅलर्जी येऊन मेंदू सुजला, असं त्यांचं मत होतं. पोटात गांजाचे अंश मिळाले होते, पण मृत्यूशी त्यांचा संबंध नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. सप्टेंबर १९७३ मध्ये निकाल आला : अपघाती मृत्यू.

सूज कशामुळे आली, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. चरित्रकार मॅथ्यू पॉली यांनी २०१८ मध्ये उष्माघाताची शक्यता मांडली. काखेतल्या घामाच्या ग्रंथी ब्रूस लीने काढून घेतल्या होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग आहे. २०२२ मध्ये मूत्रपिंडविकाराच्या एका संशोधनपत्रिकेत रक्तातलं सोडियम घटल्याचा तर्क मांडला गेला. अॅलर्जी, उष्माघात, सोडियम : वाद या तिन्हींत आहे. यातल्या एकाही तर्काला मारेकरी लागत नाही. 'डॉक्टरांचं एकमत नाही, म्हणजे खूनच झाला' हा निष्कर्ष कुठून काढतात? आणि नुसत्या स्पर्शाने काही दिवसांनी माणूस मारण्याची विद्या चित्रपटांत असते, शरीरशास्त्रात नाही.

मग अफवा उठली कशी? ती एका खोटेपणातून उठली. मृत्यूनंतर चित्रसंस्थेने सांगितलं, की तो घरी, पत्नी लिंडासोबत बागेत फिरताना कोसळला. विवाहित नट एका अभिनेत्रीच्या घरी होता, हे लपवायचं होतं. पत्रकारांनी रुग्णवाहिकेची नोंद शोधून काढली. पत्ता बेटीच्या फ्लॅटचा निघाला. एक गोष्ट खोटी ठरल्यावर लोकांचा कशावरच विश्वास उरला नाही. लोकांना संशय आला यात त्यांची चूक नव्हती. पण लपवलं गेलं ते मृत्यूचं ठिकाण, मारेकरी नव्हे. चौकशीत ते ठिकाणही उघड झालं. त्यानंतरही विषाची गोष्ट सांगत राहणं हा निव्वळ आळस आहे.

गैरसमज : ली घराण्याला शाप आहे.

वस्तुस्थिती : मुलगा ब्रँडन ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो'च्या चित्रीकरणात गेला, तो हलगर्जीपणामुळे. बनावट काडतुसाच्या गोळीचं टोक आधीच पिस्तुलाच्या नळीत अडकलं होतं. पुढच्या वेळी फक्त आवाजाचं काडतूस भरून चाप ओढला, तेव्हा त्या दाबाने ते टोक खऱ्या गोळीसारखं सुटलं. नळी तपासली असती तर २८ वर्षांचा मुलगा वाचला असता. शापाची भाषा त्या निष्काळजीपणावर पांघरूण घालते. पडद्यावरच्या नटाला चित्रीकरणात खरी गोळी लागते, हा प्रसंग 'गेम ऑफ डेथ'मध्ये आहे हे खरं. पण तो चित्रपट ब्रूस लीच्या मृत्यूनंतर तोतये नट घेऊन पुरा केला आणि १९७८ मध्ये आणला. त्याला भविष्यवाणी म्हणायचं कारण नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

नानचाकूने टेबल टेनिस खेळणारा ब्रूस ली : ती २००८ ची मोबाइलची चिनी जाहिरात आहे. नट त्याच्यासारखा दिसणारा, चेंडू संगणकावरचा.

शेकडो स्पर्धांत अजिंक्य : तो स्पर्धांतून लढणारा खेळाडू नव्हताच. १९५८ मध्ये त्याने शालेय बॉक्सिंग जिंकलं आणि त्याच वर्षी हाँगकाँगची चा-चा नृत्यस्पर्धाही.

गरिबीतून वर आलेला अनाथ : वडील ली होइ-चुएन कँटोनीज ऑपेराचे नामवंत नट होते. त्यांच्या दौऱ्यातच, १९४० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा जन्म झाला.

'एंटर द ड्रॅगन' हा पहिला चित्रपट : तान्हा असतानाच तो पडद्यावर दिसला, आणि अठराव्या वर्षापर्यंत त्याने हाँगकाँगच्या वीसेक चित्रपटांत कामं केली होती.

'कुंग फू' मालिकेची कल्पना त्याच्याकडून चोरली : तिची मूळ कथा एड स्पीलमन यांची. ब्रूस लीने 'द वॉरियर' नावाची स्वतःची वेगळी कल्पना मांडली होती. चिनी नटाला मुख्य भूमिकेत घेण्याची तेव्हाच्या हॉलीवूडची तयारी नव्हती, हा अन्याय मात्र पूर्ण खरा आहे.

तोच अन्याय ओलांडून तो हाँगकाँगला परतला आणि १९७१ ते १९७३ या काळात त्याने अॅक्शनपटाची रीत बदलली. मृत्यूच्या कथांवर इतका वेळ घालवण्यापेक्षा 'वे ऑफ द ड्रॅगन' पाहा. लेखन त्याचं, दिग्दर्शन त्याचं, आणि रोमच्या कलोसियममधली चक नॉरिसशी झुंजही त्यानेच बसवलेली. माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याच्या कामातून घ्या.