एक डिस्क बंद पडली तरी लग्नाचं शूटिंग कसं वाचतं?

चांगल्या दर्जाच्या, म्हणजे 100 एमबीपीएसच्या फोर-के शूटिंगला एका कॅमेऱ्याचे तासाला साधारण 45 जीबी लागतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा हिशोब करा! बीड किंवा अंबाजोगाईच्या स्टुडिओवाल्याची एकुलती एक हार्ड डिस्क गेली, तर लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे 'रेड', अनेक डिस्क मिळून एक साठा. हे नाव 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झालं.

'रेड 0' मध्ये फाइलचे तुकडे दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिले जातात. वेग जवळपास दुप्पट, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. 'रेड 1' मध्ये दोन्हींवर तीच नक्कल असते. सुरक्षित, पण निम्मी जागा खर्च.

खरी गंमत 'रेड 5' मध्ये आहे. ऊसतोडीच्या मुकादमाची वही आठवा. तीन कोयत्यांची उचल 50,000, 60,000 आणि 40,000. खाली बेरीज 1,50,000. मधला आकडा पावसात पुसला गेला, तरी बेरजेतून बाकीचे दोन वजा केले की 60,000 सापडतात. रेड 5 अशीच 'बेरीज' डिस्कवर वाटून ठेवतं. फक्त आकड्यांऐवजी शून्य आणि एक यांचा सम-विषम हिशोब असतो. 4 टीबीच्या तीन डिस्क लावल्या तर 8 टीबी जागा वापरायला मिळते आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत.

दोन आकडे पुसले तर मात्र वही काही सांगू शकत नाही. नवी डिस्क बसवल्यावर डेटा पुन्हा भरायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. त्या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळं संपलं. दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारं 'रेड 6' आहे, त्याला किमान चार डिस्क लागतात.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते; चोरी, आग, व्हायरस यांपुढेही रेड हतबल. वेगळी प्रत दुसऱ्या जागी हवीच.

आपल्याकडे आणखी एक धोका विजेचा. डेटा लिहून झाला आणि 'बेरीज' लिहायच्या आत लाइट गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. पुढे डिस्क बिघडल्यावर वजाबाकी चुकीचं उत्तर देते. म्हणून रेडच्या खर्चात यूपीएस आधीच धरा.