इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मूल गप्प का होतं?



संकलित चाचणी जवळ आली की माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, इंग्लिशची तोंडी कधी आहे?" मराठीची किंवा गणिताची तोंडी कधी आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. यावरूनच भीती कुठे बसली आहे ते कळतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीतली एक मुलगी. वाचन चांगलं, वहीही नीटनेटकी. तोंडी परीक्षेला मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि म्हटलं, "टेल मी समथिंग अबाउट युवर फॅमिली." ती खाली मान घालून उभी राहिली. मी तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात पुन्हा विचारला. तरी गप्प. मागे अजून पंचवीस मुलं बाकी होती, म्हणून "नेक्स्ट" म्हणून मोकळी झाले. १० पैकी २ गुण दिले आणि नोंद केली, 'इंग्रजीत बोलत नाही.'

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून आवाज आला, "सिट डाउन! ओपन युवर बुक! व्हॉट इज धिस? धिस इज अ लीफ." तीच मुलगी पहिलीच्या मुलांना घेऊन शाळा-शाळा खेळत होती! माझ्या हातात नोंदवही तशीच होती. त्या दिवसापासून मी तोंडी परीक्षेचा नव्याने विचार करायला लागले.

घाबरल्यावर नेमकं काय होतं?

भीती वाटली की छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. ही शरीराची नैसर्गिक तयारी आहे, तो काही मुलाचा दोष नाही. पण इंग्रजी बोलताना डोक्यात आधीच खूप कामं एकदम चालू असतात. प्रश्न समजून घ्यायचा, मराठीत सुचलेलं इंग्रजीत शोधायचं, मराठीत शेवटी येणारं क्रियापद इंग्रजीत मधे आणायचं, शिवाय उच्चार सांभाळायचा. त्यात "चुकलं तर हसतील" हा विचार शिरला की बाकीच्या कामांना जागाच उरत नाही. येत असलेलंही आठवत नाही.

परकी भाषा शिकणाऱ्यांच्या या भीतीवर इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : लोकांसमोर बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि इतरांच्या नजरेत कमी पडण्याची भीती. तोंडी परीक्षेत या तिन्ही एकाच वेळी समोर उभ्या राहतात.

अर्थात प्रत्येक गप्प मूल घाबरलेलंच असतं असं नाही. कधी खरंच शब्द माहीत नसतात. म्हणून मी आधी चित्रं समोर ठेवते आणि नुसतं बोट दाखवायला सांगते. बोट बरोबर ठिकाणी गेलं तर मुलाला समजतंय, अडचण बोलण्यात आहे. बोटही गेलं नाही तर तो भाग मलाच पुन्हा शिकवायला हवा.

आधी आपण काय बदलायचं?

१. थांबायचं. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एक सेकंदच थांबतात, असं त्यांना दिसलं. हाच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं. परदेशी शिकायला जाणारे आयईएलटीएस परीक्षा देतात. तिच्या तोंडी परीक्षेत एका भागात विषयाचं कार्ड देऊन विचार करायला १ मिनिट मिळतं, कागद-पेन्सिलही मिळते. मोठ्या माणसांना मिनिट आणि आपल्या नऊ वर्षांच्या लेकराला एक सेकंद? मी आता मनातल्या मनात पाच अंक मोजते. तोपर्यंत प्रश्न पुन्हा विचारत नाही.

२. प्रश्नांची पायरी ठेवायची. आधी "डू यू लाइक मँगोज?" इथे यस किंवा नो पुरतं. मग "मँगो ऑर बनाना?" आणि शेवटी "व्हाय?" पहिलं उत्तर तोंडातून बाहेर पडलं की आवाज मोकळा होतो.

३. बघे कमी करायचे. टेबल असं ठेवायचं की मुलाची पाठ वर्गाकडे येईल. बाकीच्यांना चित्र काढायला किंवा लेखनाला बसवायचं. सगळे कान टवकारून बसले तर धीट मूलही दबतं.

४. मधेच चूक काढायची नाही. मूल म्हणालं, "शी गो टू मार्केट." आपण म्हणायचं, "ओह, शी गोज टू द मार्केट! व्हॉट डज शी बाय?" बरोबर वाक्य कानावर पडतं आणि बोलणंही तुटत नाही.

मुलांच्या हाती काय द्यायचं?

अडकल्यावर बोलायची तीन वाक्यं : "वन्स अगेन, प्लीज." "लेट मी थिंक." "आय डोन्ट नो द वर्ड." ही वाक्यं परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवून उपयोग नाही. जूनपासून रोजच्या तासाला वापरायची. आणि ती म्हटल्याबद्दल गुण कापायचे नाहीत, कारण तेसुद्धा इंग्रजी बोलणंच आहे.

पहिलं वाक्य पक्कं असावं, पण पूर्ण उत्तर पाठ करून घेऊ नये. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द विसरला की पुढची सगळी गाडी अडते.

आणि श्वास. माझ्या वर्गात आम्ही 'मेणबत्ती' खेळतो. समोर मेणबत्ती आहे असं समजायचं आणि ती हलेल पण विझणार नाही इतकी हळू, लांब फुंकर घालायची. तीन वेळा केलं की धडधड जरा खाली येते.

पालकांसाठी

पाहुणे आले की "काकांना इंग्लिशमध्ये बोलून दाखव" असं कृपया म्हणू नका. मुलाला ती रोजचीच परीक्षा वाटते. "घाबरू नकोस" यापेक्षा "भीती वाटते ना? वाटू दे, तरी बोलता येतं" हे जास्त कामाला येतं. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर उलट चांगलंच! भाजी निवडताना मुलालाच विचारा, "याला काय म्हणतात रे? मला शिकव." शिकवणारं मूल घाबरत नाही, हे मी व्हरांड्यात पाहिलंय.

मूल शाळेत मराठीतही महिनोन्‌महिने बोलत नसेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तेव्हा शिक्षक-पालकांनी एकत्र बसून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

भीती पूर्ण जात नाही. मलाही एका प्रशिक्षणात इंग्रजीत दोन मिनिटं बोलताना घाम फुटला होता.

त्या मुलीला मी आठवड्याने पुन्हा बोलावलं, या वेळी व्हरांड्यातच. झाडाचं पान हातात दिलं आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "धिस इज अ लीफ. इट इज ग्रीन. आय लाइक ट्री." पुढे दहावी-बारावीलाही तिला इंग्रजीची तोंडी द्यायची आहे. मी जुनी नोंद खोडली आणि लिहिलं, 'विचार करायला वेळ दिला की इंग्रजीत बोलते.'